धुतलेल्या सालीचे फ्रेंच चीज ‘एप्वास’ : प्रक्रिया, परंपरा आणि नावाचे संरक्षण

सारांश

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात गाईच्या दुधापासून तयार होणारे ‘एप्वास’ हे मऊ चीज ‘धुतलेल्या सालीचे चीज’ या प्रकारात मोडते. प्रस्तुत लेखात या चीजच्या निर्मितीची प्रक्रिया, त्यामागील सूक्ष्मजीवशास्त्र, विसाव्या शतकातील त्याचा ऱ्हास व पुनरुज्जीवन आणि त्याच्या नावाला लाभलेले कायदेशीर संरक्षण यांचे विवेचन केले आहे. एखाद्या खाद्यपदार्थाची ओळख केवळ भूमीत किंवा केवळ पाककृतीत नसून सातत्याने केल्या जाणाऱ्या हस्तकौशल्यात असते, आणि कायदा नावाचे रक्षण करू शकला तरी कौशल्याचे रक्षण समाजालाच करावे लागते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : एप्वास, धुतलेली साल, परिपक्वन, सूक्ष्मजीवसमूह, मूळस्थाननाम, भौगोलिक मानांकन.

प्रस्तावना

दूध हा अत्यंत नाशवंत पदार्थ आहे. त्यामुळे पशुपालन करणाऱ्या प्रत्येक समाजाने दूध टिकवण्याचे स्वतःचे मार्ग शोधले. भारतीय समाजाने दही, ताक, लोणी, तूप आणि खवा यांचा मार्ग स्वीकारला, तर युरोपीय समाजाने प्रामुख्याने चीजचा. या दोन्ही मार्गांत एक मूलभूत भेद आहे. तूप कढवताना पाणी व प्रथिने दूर सारून सूक्ष्मजीवांना वावच ठेवला जात नाही. याउलट परिपक्व चीजमध्ये सूक्ष्मजीवांना निमंत्रण दिले जाते. मात्र कोणत्या जिवाला, केव्हा आणि किती वाव द्यायचा हे माणूस ठरवतो. मराठीत ‘नासणे’ आणि ‘मुरणे’ असे दोन वेगळे शब्द आहेत. लोणचे मुरते, दूध नासते. रासायनिक दृष्टीने पाहिले तर दोन्हींत घटकद्रव्यांचे विघटनच होत असते. फरक असतो तो नियंत्रणाचा.

हा फरक समजून घेण्यासाठी धुतलेल्या सालीच्या चीजइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. उत्तर फ्रान्समधील मारवाल, नॉर्मंडीतील लिव्हारो, आल्सास व व्होज पर्वतप्रदेशातील मुंस्टेर आणि बर्गंडीतील एप्वास ही या प्रकारातील प्रसिद्ध नावे होत. केशरी-तांबूस साल, मऊ गर आणि प्रथमच अनुभवणाऱ्यास सहन न होणारा उग्र वास ही त्यांची समान लक्षणे आहेत. यांपैकी एप्वासचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. हे चीज एकदा जवळजवळ नामशेष होऊन पुन्हा उभे राहिलेले असल्यामुळे, परंपरा टिकते म्हणजे नेमके काय टिकते, या प्रश्नाचा विचार त्याच्या आधारे करता येतो.

स्थान आणि ऐतिहासिक पार्श्वभूमी

एप्वास हे बर्गंडीतील कोत-दोर या जिल्ह्यातील एक छोटे गाव आहे. त्याच्याच नावाने हे चीज ओळखले जाते. सोळाव्या शतकात या गावी आलेल्या सिस्टर्शियन पंथाच्या भिक्षूंनी ते बनवण्यास आरंभ केला आणि पुढे गाव सोडून जाताना त्यांनी ती विद्या परिसरातील शेतकरी स्त्रियांना दिली, अशी परंपरागत समजूत आहे. फ्रान्समधील अनेक चीजच्या उगमकथा अशाच मठांशी जोडलेल्या आढळतात. उगमकथेचा तपशील कसाही असो, त्यानंतरचा काळ अधिक महत्त्वाचा आहे. पुढील शतकांत हे चीज शेतघरातील स्त्रियांच्या हातीच राहिले. आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे असा या ज्ञानाचा प्रवास झाला. ते लिखित नव्हते. दुधाचा घट्टपणा बोटाला कळे, सालीचा चिकटपणा तळव्याला कळे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या परिसरातील सुमारे तीनशे शेतघरांत एप्वास तयार होत असे. तथापि दोन महायुद्धांनी ग्रामीण जीवनाची घडी विस्कटली. पुरुष आघाडीवर गेले, शेतीचा भार स्त्रियांवर आला आणि आठवडेच्या आठवडे निगा मागणाऱ्या चीजसाठी वेळ उरला नाही. दूध थेट डेअरीला विकणे अधिक सोयीचे ठरू लागले. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत एप्वासचे उत्पादन जवळजवळ थांबले होते. त्या वेळी गाव होते, गाई होत्या, चराऊ कुरणे होती आणि ‘एप्वास’ हे नावही होते. मात्र चीज करणारे हात राहिले नव्हते.

१९५६ मध्ये रोबेर आणि सिमोन बेर्तो या शेतकरी दांपत्याने एप्वास गावातच या चीजचे उत्पादन पुन्हा सुरू केले. ज्यांना ही कृती अजून आठवत होती, अशांच्या अनुभवाचा त्यांनी आधार घेतला. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. हे पुनरुज्जीवन आणखी एका पिढीने लांबले असते, तर विचारायला कोणी उरलेच नसते. भौतिक वारसा जीर्ण झाला तरी त्याचे अवशेष उरतात, परंतु कृतिरूप वारशाचे तसे नसते. शेवटची जाणकार व्यक्ती गेली की तो संपतो.

निर्मितीची प्रक्रिया

एप्वासची निर्मिती समजून घेण्यास महाराष्ट्रातील वाचकाला श्रीखंडाचा चक्का हे सर्वांत जवळचे उदाहरण ठरेल. बहुतांश चीजमध्ये रेनेट या विकराच्या साहाय्याने दूध अल्पावधीत साकळवले जाते. एप्वासमध्ये मात्र मुख्य भिस्त लॅक्टिक आम्ल निर्माण करणाऱ्या जिवाणूंवर, म्हणजेच विरजणावर असते. रेनेट नाममात्र वापरले जाते. नियमानुसार हे साकळणे किमान सोळा तास चालावे लागते. म्हणजेच रात्रभर दही लावण्यासारखीच ही क्रिया होय. यासाठी ब्रून, माँबेलियार आणि फ्रेंच सिमेंटाल या जातींच्या गाईंचे दूध वापरले जाते.

तयार झालेले नाजूक दही बारीक न करता जाडसर कापून साच्यात भरतात. त्यातील पाणी दाब न देता, स्वतःच्या वजनाने हळूहळू निथळू दिले जाते. नंतर साच्यातून काढलेल्या चकत्यांना कोरडे मीठ लावतात. या अवस्थेतील चीज पांढरे, आंबट आणि ठिसूळ असते. चक्क्याशी असलेले त्याचे साम्य येथे संपते आणि खरी प्रक्रिया सुरू होते.

या चकत्या थंड आणि दमट खोलीत मुरवण्यासाठी ठेवल्या जातात. हा काळ किमान चार आठवड्यांचा असतो. त्या काळात आठवड्यातून एक ते तीन वेळा प्रत्येक चकती धुतली जाते. आरंभी मिठाचे पाणी वापरतात. पुढे त्यात ‘मार दे बुर्गोन्य’ या मद्याचे प्रमाण क्रमाक्रमाने वाढवले जाते. वाईनसाठी द्राक्षे पिळल्यानंतर उरलेला चोथा आंबवून व ऊर्ध्वपातित करून हे मद्य तयार करतात. बर्गंडी हा द्राक्षमळ्यांचा प्रदेश असल्यामुळे एका व्यवसायाचा चोथा दुसऱ्या व्यवसायाचे साधन बनला, ही या चीजच्या स्थानिकतेची एक खूण म्हणता येईल.

चार आठवड्यांच्या शेवटी साल हस्तिदंती रंगावरून केशरी व विटकरी रंगापर्यंत पोहोचते. हा रंग बाहेरून घातलेला नसून सालीवरील जिवाणूंनी निर्माण केलेला असतो. लहान आकाराच्या चीजचे वजन २५० ते ३५० ग्रॅम, तर मोठ्याचे ७०० ते ११०० ग्रॅम असते. गर इतका मऊ होतो की ते गोल लाकडी डबीतूनच विकावे लागते आणि पुष्कळदा चमच्याने खाल्ले जाते.

सालीवरील सूक्ष्मजीवांची क्रमवारी

धुण्याच्या क्रियेने नेमके काय साधते? सामान्यतः धुण्याचा हेतू जंतू घालवणे हा असतो. येथे मात्र हेतू जवळजवळ उलट आहे. दमट पृष्ठभागावर प्रथम बुरशी येऊ पाहते. वारंवार धुण्याने व चोळण्याने तिचे तंतू मोडतात आणि तिला पसरता येत नाही. त्याच वेळी मीठ सहन करणारे इष्ट जिवाणू पाण्याबरोबर सर्व पृष्ठभागावर सारखे पसरतात.

तथापि हे जिवाणू प्रारंभीच वाढू शकत नाहीत. ताज्या चीजचा सामू ४.५ च्या आसपास, म्हणजे दह्याइतका आम्लधर्मी असतो. अशा स्थितीत प्रथम डेबरिओमायसेस हान्सेनी हे यीस्ट आणि जिओट्रायकम कँडिडम ही यीस्टसदृश बुरशी वाढते. ते लॅक्टिक आम्ल खाऊन टाकतात व अमोनिया निर्माण करतात. परिणामी पृष्ठभागाची आम्लता कमी होऊन सामू ६ च्या वर जातो. त्यानंतरच ब्रेव्हिबॅक्टेरियम, कॉरिनेबॅक्टेरियम, आर्थ्रोबॅक्टर इत्यादी गटांतील जिवाणूंचा जम बसतो. एकाने जमीन नांगरावी आणि दुसऱ्याने पेरावे, अशी ही क्रमवारी आहे.

हे जिवाणू प्रथिनांचे विघटन करणारी विकरे स्रवतात. मेथिओनिन या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून मिथेनथायॉल हे वायुरूप द्रव्य तयार होते आणि या चीजच्या उग्र वासात त्याचा मोठा वाटा असतो. ब्रेव्हिबॅक्टेरियमचेच भाईबंद मानवी पायाच्या त्वचेवर वास करतात. त्यामुळे या चीजला न धुतलेल्या पायमोज्यांची उपमा दिली जाते, ती शास्त्रीय दृष्ट्याही निराधार नाही. याच प्रकारातील लिंबुर्गर चीजच्या वासाकडे हिवताप पसरवणारा ॲनॉफिलीस गॅम्बिए हा डास आकर्षित होतो, हे बार्ट नोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले होते.

चीज मऊ होण्याची क्रिया बाहेरून आत जाते. सालीजवळील सामू वाढला की आतील कॅल्शियम व फॉस्फेट सालीकडे सरकतात, प्रथिनांची घट्ट वीण सैल होते आणि गर लोण्यासारखा होतो. म्हणूनच पुरेसे न मुरलेले एप्वास कापले असता मध्यभागी खडूसारखा पांढरा गाभा आणि त्याभोवती मऊ वलय स्पष्ट दिसते.

भूमी की कृती?

फ्रेंच खाद्यविचारात ‘तेरवार’ ही संकल्पना मध्यवर्ती आहे. माती, हवामान, गवत, पशू आणि स्थानिक माणसांचे कौशल्य यांच्या संयोगातून पदार्थाला अनन्यसाधारण गुण प्राप्त होतो, असा तिचा आशय आहे. व्यवहारात मात्र यातील मातीवर अधिक भर दिला जातो आणि माणसाचा वाटा दुय्यम ठरतो.

या दृष्टीने बेंजामिन वुल्फ, रेचल डटन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यांनी दहा देशांतील १३७ चीजच्या सालींवरील सूक्ष्मजीवसमूहांची जनुकीय तपासणी केली. एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या, परंतु सालीची निगा सारख्याच पद्धतीने राखलेल्या चीजवरील सूक्ष्मजीवसमूह परस्परांशी मिळतेजुळते आढळले. समूहाची घडण देशावरून नव्हे, तर प्रामुख्याने सालीतील ओलाव्यासारख्या परिस्थितीवरून ठरते, असे त्यांचे निरीक्षण होते. शिवाय उत्पादकाने मुद्दाम न सोडलेले अनेक सूक्ष्मजीवही सालीवर मोठ्या संख्येने आढळले; त्यांत सागरी परिसराशी निगडित जिवाणूंचाही समावेश होता.

या निष्कर्षावरून स्थानिकतेला अर्थ नाही, असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. सूक्ष्मजीवांच्या प्रजाती समान असल्या तरी त्यांचे वाण भिन्न असू शकतात; तसेच दूध, चारा व मद्य यांचाही स्वादावर परिणाम होतो. परंतु सालीवरील जीवसृष्टी मातीतून आपोआप उगवत नाही, ती रोजच्या कृतीतून घडते, एवढे निश्चितपणे म्हणता येते. एप्वास गावात चीज ठेवले म्हणून ते एप्वास होत नाही. ते विशिष्ट रीतीने धुतले, उलटले आणि राखले म्हणून एप्वास होते. १९५६ पूर्वीच्या दशकाने हेच इतिहासाच्या भाषेत सांगितले होते.

परंपरा आणि आरोग्यसुरक्षा

या कृतीची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. जो वाढलेला सामू इष्ट जिवाणूंना मानवतो, तोच लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस या रोगकारक जिवाणूलाही मानवतो. हा जिवाणू शीतगृहाच्या तापमानातही वाढू शकतो आणि गर्भवती स्त्रिया, वृद्ध व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांच्यासाठी प्राणघातक ठरू शकतो. १९८३ ते १९८७ या काळात पश्चिम स्वित्झर्लंडमध्ये ‘व्हाशरँ मों-दोर’ या धुतलेल्या सालीच्या मऊ चीजमुळे लिस्टेरियाची साथ पसरली. शंभराहून अधिक रुग्णांपैकी तीसहून अधिक व्यक्ती दगावल्या.

धुतलेल्या सालीच्या चीजच्या पारंपरिक पद्धतीत जुन्या, मुरलेल्या चीजवरून फिरवलेला ब्रश व पाणी नव्या चीजसाठी वापरले जात असे. विरजण पुढे नेण्याचाच हा प्रकार होता. इष्ट जिवाणू त्यामुळे पिढ्यान्पिढ्या टिकत. पण साखळीत एकदा रोगजंतू शिरला की तोही त्याच मार्गाने प्रत्येक चीजवर पोहोचतो. जी कृती परंपरा वाहून नेते, तीच कृती धोकाही वाहून नेते. दूध तापवून घेतल्याने हा प्रश्न पूर्णतः सुटत नाही. कारण दूषण दुधातून न येता नंतर फळी, ब्रश, पाणी किंवा हात यांच्यातूनही येऊ शकते.

यावर दोन प्रकारचे उपाय पुढे आले. पहिला उपाय नियमांचा. अमेरिकेत कच्च्या दुधाचे चीज किमान साठ दिवस मुरवलेले असावे असा दंडक आहे. कच्च्या दुधाचे एप्वास या मुदतीपूर्वीच खाण्यायोग्य होते व नंतर फार काळ टिकत नाही. साहजिकच ते त्या बाजारपेठेत जाऊ शकत नाही आणि पाश्चरीकृत दुधापासून केलेले एप्वासच तेथे पोहोचते. गर्भवती स्त्रियांनी अशी चीज टाळावीत, असा सल्ला फ्रान्समध्येही दिला जातो. दुसरा उपाय शिस्तीचा : जुन्या चीजवरून नव्याकडे जाण्याचा क्रम बंद करणे, प्रयोगशाळेत जोपासलेले जिवाणू वापरणे, प्रत्येक खेपेची तपासणी करणे. या उपायांनी धोका घटला, हे निर्विवाद आहे. परंतु तपासणीचा व यंत्रसामग्रीचा खर्च मोठ्या उत्पादकास परवडतो तसा लहान शेतकऱ्यास परवडत नाही. जे चीज एकेकाळी शेकडो शेतघरांत होत असे, त्याचे उत्पादक आज हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच आहेत. सुरक्षितता आवश्यकच आहे. तिची किंमत कोण मोजतो, हा प्रश्नही टाळता येत नाही.

नावाचे संरक्षण

फ्रान्समध्ये मूळस्थाननामाच्या कायदेशीर संरक्षणाची परंपरा दीर्घ आहे. १९१९ मध्ये यासंबंधीचा कायदा झाला, १९२५ मध्ये रोकफोर या चीजला स्वतंत्र कायद्याने संरक्षण मिळाले आणि १९३५ मध्ये वाईन व मद्यांच्या मूळस्थाननामांसाठी राष्ट्रीय यंत्रणा स्थापन झाली. १९९० मध्ये तिचे कार्यक्षेत्र दुग्धजन्य व अन्य कृषी उत्पादनांपर्यंत विस्तारले. त्यानंतर लगेचच, मे १९९१ मध्ये एप्वासला ‘नियंत्रित मूळस्थाननाम’ हा दर्जा मिळाला. पुढे युरोपीय संघाच्या पातळीवरही हे नाव संरक्षित झाले. कोत-दोर, योन आणि ओत-मार्न या जिल्ह्यांतील निश्चित केलेल्या परिसरातच, ठरवून दिलेल्या पद्धतीने तयार झालेल्या चीजलाच आज हे नाव लावता येते.

संरक्षण वेळेवर न मिळाल्यास काय घडते, याचे उदाहरण कामांबेरच्या रूपाने उपलब्ध आहे. १९२६ मध्ये फ्रेंच न्यायालयाने ‘कामांबेर’ हे नाव सर्वसाधारण झाल्याचे मानले. त्यामुळे कोणीही, कोठेही कामांबेर बनवू शकतो. १९८३ मध्ये संरक्षण मिळाले ते ‘कामांबेर द नॉर्मांदी’ या लांबलेल्या नावाला.

एप्वासच्या बाबतीत मात्र घटनांचा क्रम अर्थपूर्ण आहे. १९५६ मध्ये कौशल्य परत आले. १९९१ मध्ये कायदा आला. दरम्यान पस्तीस वर्षे कायद्याच्या आधाराविना चीज बनत राहिले, म्हणूनच कायद्याला रक्षण करण्याजोगे काही उरले. सोळा तासांचे साकळणे, कोरडे मीठ, आठवड्यातील धुणी या कृतींना नियमावलीने शब्दरूप दिले. ही नियमावली कृतीचा क्रम सांगते. परंतु कोणत्या दिवशी मद्य किती वाढवावे, कोणती चकती आज धुवावी व कोणती उद्या, हे सालीला हात लावूनच ठरते.

भारतीय संदर्भ

भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि सप्टेंबर २००३ पासून अमलात आला. त्यानुसार गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये, तर कोकणातील हापूस आंब्याला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. यांपैकी फेणीची तुलना एप्वासशी अधिक उचित ठरते. कारण फेणीचा गुणही केवळ काजूच्या बोंडात नसून बोंडे मळणे, रस आंबवणे आणि भाटीवर ऊर्ध्वपातन करणे या मानवी कृतींत आहे. मानांकनाची नोंदणी दर दहा वर्षांनी नूतनीकरण करून टिकवता येते. भाटीवरचा जाणकार मात्र नूतनीकरणाने मिळत नाही.

यासंदर्भात महाविद्यालयांना काही करता येण्याजोगे आहे. मानांकनाच्या प्रस्तावासाठी इतिहास व पुरावे संकलित केले जातात; तितक्याच काळजीने कृतीचे सूक्ष्म तपशील, स्त्रियांकडे असलेले अलिखित ज्ञान आणि त्यामागील सूक्ष्मजीवशास्त्र यांची नोंद होणे आवश्यक आहे. हे काम इतिहास, समाजशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व विधी या शाखांनी एकत्र येऊन करावयाचे आहे. कोणत्याही एका शाखेच्या आवाक्यातील ते नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून काही बाबी स्पष्ट होतात. एप्वासचा वास, रंग व स्वाद हे सूक्ष्मजीवांच्या क्रमबद्ध कार्याचे फलित असून तो क्रम माणसाच्या नियमित कृतीमुळे टिकतो. त्याच कृतीतून आरोग्याचा धोकाही संभवतो, म्हणून परंपरेचा आदर आणि तपासणीची शिस्त यांत निवड करण्याचा प्रश्न नसून दोहोंचा मेळ घालण्याचा प्रश्न आहे. आणि या शिस्तीचा भार लहान उत्पादकास एकट्याने पेलावा लागू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मूळस्थाननामाचा कायदा अनुकरणापासून नावाचे रक्षण करतो, परंतु विस्मरणापासून कृतीचे रक्षण करू शकत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर एप्वास वाचले, ते कृती आठवणारी काही माणसे हयात असताना कोणीतरी त्यांना विचारले म्हणून. आपल्याकडील अनेक पदार्थांच्या बाबतीत ते विचारण्याचा काळ आजचा आहे.